‘शोपीस’ हा शब्द मागे घ्या

ऑस्कर माशावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: “ऑस्कर आफ्रिकन नाही, ॲमेझॉनचा आहे. फूटभर वाढणाऱ्या माशाला चार फुटी टँक अपुरा पडतो. खायला जिवंत गोल्डफिश देऊ नका, त्यातल्या एन्झाइममुळे ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. पण तुमच्यासारख्यांना सांगून काय उपयोग, तुम्ही मासा शोपीस म्हणून पाळता.”

पहिली चूक माझीच. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या सिक्लिडांबद्दलच्या (ऑस्करही याच कुळातला मासा) परिच्छेदात ऑस्कर घुसला होता, तो काढला. आभार. मात्र १८३१ मध्ये या माशाचं पहिलं वर्णन करणाऱ्या शास्त्रज्ञ लुई अगासींनाही तो समुद्रातला वाटला होता. तेव्हा एका शब्दावरून माणसाची लायकी काढू नये.

आता ‘शोपीस’.

माझा ऑस्कर २०१४ साली आणला तेव्हा दोन बोटांएवढा होता. आज नाकापासून शेपटीपर्यंत ११ इंच आहे. शेपटीच्या बुडाशी केशरी कडेचा काळा डोळा आहे, तो जवळून कधी पाहिलाय का तुम्ही? मी रोज पाहतो. चिडला की त्याचा सगळा रंग काळवंडतो. पाणी बदललं की रुसून एका कुशीवर पडतो. पहिल्यांदा मी घाबरून रात्रभर समोर बसलो होतो. माझ्या हातून पेलेट (खाद्याचे दाणे) घेतो, पाहुण्यांच्या हातून घेत नाही. शोपीस रुसतं का?

मी सांगलीत गावभागात राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आमच्या जिन्यात आलं. वीज गेली. लोक आयर्विन पुलाजवळच्या पातळीच्या बातम्या विचारत होते, आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर टँकजवळ बसून तांब्यानं पाणी उचलून वरून ओतत होतो, म्हणजे हवा मिसळेल. मी, बायको आणि आठवीतला मुलगा, पाळीपाळीनं. पाण्यात विषारी अमोनिया वाढू नये म्हणून त्याचं खाणं पूर्ण बंद केलं. बंद फिल्टरमधले जिवाणू मरून पाणी नासू नये म्हणून स्पंज बाहेर काढून टँकच्याच पाण्यात खळबळून घेत होतो. प्यायच्या पाण्याची मारामार, त्यामुळे गच्चीत धरलेलं पावसाचं पाणी थोडं थोडं घातलं. चौथ्या रात्री माझ्या मुलाच्या हाताला फोड आले होते. त्याला तुम्ही ‘तुमच्यासारख्यांना’ म्हणताय.

त्याआधी एका दुकानदारानं मला आजारी मासा निरोगी म्हणून विकला होता. डोक्यावर खड्डे पडून तो महिन्याभरात गेला. तेव्हापासून मी पाणी तपासायला शिकलो. पाण्यात साचणाऱ्या नायट्रेटची नोंदवही आहे माझ्याकडे, दर रविवारची. तुमच्याकडे असेल तर दाखवा.

टँकच्या मापाबद्दल: चार बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे साधारण २५५ लिटर. एकटाच मासा आहे, दर रविवारी ४० टक्के पाणी बदलतो. इतकी वर्षं जगलाय, आणखी काय सांगू? गोल्डफिश महिन्यातून दोनदाच देतो, त्यावर वाद घालत बसायची माझी इच्छा नाही.

मुद्दा सांगायचा तर सांगा, मी ऐकतो. आमच्याकडे वडीलधारी माणसंही चूक दाखवताना आधी घरात येऊन बसतात, चहा घेतात, मग बोलतात. तुम्ही उंबऱ्यावरूनच माझी जात ठरवलीत: ‘तुमच्यासारखे’. नाव न लिहिता हे लिहायला धाडस लागत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, शब्दही बदलणार नाही. ‘शोपीस’ तेवढा तुम्ही स्वतः मागे घ्यावा, अशी अपेक्षा आहे.