‘ब्लॉग मेला, रील टाका’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी हे वाचा

सध्या एक मेसेज जिकडेतिकडे फिरतोय. छोटा व्यवसाय करणाऱ्यांचा कुठलाही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा, कोणीतरी तो टाकलेला असतोच आणि खाली अंगठ्यांची रांग. मेसेज साधारण असा: ब्लॉग मेला. माणसाचं लक्ष ८ सेकंदच टिकतं, त्यामुळे लिहिलेलं कोणी वाचत नाही. रोज रील टाका, फॉलोअर्स वाढले की क्लायंट आपोआप येतात. लिहायचंच असेल तर एआयकडून महिन्याला शंभर लेख काढून घ्या. तसंही गूगल आता स्वतःच उत्तर देतं, साइटवर कोणी येत नाही. आणि तुमचं नॉलेज फुकट वाटू नका, फुकट मिळालं की पैसे कोण देणार.

मी छोट्या व्यवसायांसाठी त्यांच्या वेबसाइटवरचं लिहून देतो, पोट त्यावरच आहे, तेव्हा माझा यात स्वार्थ आहे हे आधीच सांगून टाकतो. पण हा मेसेज वाचून चालू असलेल्या साइटचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, रिन्यू करायचं सोडून दिलं अशी माणसं मी बघितली आहेत, त्यांना त्या साइटवरून व्यवस्थित फोन येत होते, आणि ते बघून खरंच वाईट वाटलं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला तो ८ सेकंदांचा आकडा. हा आला कुठून? २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेने एक रिपोर्ट काढला, त्यात होतं की २००० साली माणसाचं लक्ष १२ सेकंद टिकायचं, आता ८ वर आलंय, आणि गोल्डफिश माशाचं ९ आहे. मासा आल्यामुळे बातमी झाली आणि जगभर पसरली. पण तो आकडा मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संशोधनातला नव्हताच, स्टॅटिस्टिक ब्रेन नावाच्या एका साइटवरून उचललेला होता, आणि २०१७ मध्ये बीबीसीने मागोवा घेतला तर त्यामागचं मूळ संशोधन काही सापडलं नाही. चित्र मजकुरापेक्षा ६०,००० पट वेगाने समजतं हे जे वाक्य प्रत्येक मार्केटिंगच्या प्रेझेंटेशनमध्ये असतं, त्याचीही तीच गत.

आणि आकडा बाजूला ठेवा, साधा विचार करा. ज्याच्या घराचं छत गळतंय, ज्याला टॅक्सची नोटीस आलीय, ज्याला गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय, तो माणूस रात्री जागून मिळेल ते वाचतो. वाचून झालं की परत पहिल्यापासून वाचतो, बायकोला किंवा भावाला लिंक पाठवतो. तुमचा लेख कोणी अर्ध्यात सोडला असेल तर बहुतेक वेळा त्याला जे हवं होतं ते त्यात नव्हतं, दुसरं काही कारण नसतं.

दुसरा मुद्दा, फॉलोअर्स वाढले की क्लायंट येतात. यात सगळ्यात मोठा घोळ आहे म्हणून जरा थांबून बोलू.

रील कोणाला दिसते? जो त्या वेळी काहीच शोधत नव्हता त्याला. तो टाइमपास करत होता, तुमची रील मध्ये आली, आवडली, लाइक केलं, पुढे गेला. सर्च करणारा माणूस वेगळा, त्याच्या डोक्यात आधीच प्रश्न आहे आणि बऱ्याचदा खिशात हात घालायची तयारीही आहे. हे दोघं एकच समजून हिशोब केला की लाखभर व्ह्यूज आणि एकही कामाचा फोन नाही असं होतं, आणि मग माणूस अजून रील्स करायला लागतो.

एक उदाहरण घेऊ, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणारा समजा. त्याच्या साइटवर ‘वॉटरप्रूफिंगचे १० फायदे’ असा लेख आहे. हा कोण वाचणार? फायदे ज्याला हवेत त्याला ते माहीतच आहेत, छतातून पाणी पडतंय त्याच्या. आता त्याच माणसाने ‘वॉटरप्रूफिंग करूनही गच्ची का गळते’ हे लिहिलं. त्यात सांगितलं की आधी पाइप जिथे स्लॅबमधून खाली जातो तो सांधा बघा, मग पॅरापेटची भिंत आणि स्लॅब मिळतात तो कोपरा, मग पाण्याच्या टाकीखाली. खाली ज्या जागी ओल दिसते त्याच्या बरोबर वरतीच भोक असेल असं नाही, पाणी स्लॅबमधून वाट काढत लांब जाऊन उतरतं. ढाळ नीट आहे का हे पाऊस थांबल्यावर गच्चीत पाणी कुठे साचून राहतं त्यावरून कळतं. काम झाल्यावर कॉन्ट्रॅक्टरकडून २४ ते ४८ तास पाणी साठवून टेस्ट करून घ्या, त्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. सोबत मोबाइलवर काढलेले सांध्याचे दोन फोटो.

हा लेख वाचून जो फोन करतो तो पहिल्या वाक्यात स्क्वेअर फुटाचा रेट विचारत नाही. तो म्हणतो, आमच्याकडे टाकीच्या खालीच ओल आहे, तुम्ही येऊन बघाल का. त्याने आधीच ठरवलेलं असतं की या माणसाला काम कळतं. असे फोन महिन्याला मोजकेच आले तरी धंदा चालतो, आणि लेख चाळीस लोकांनीच वाचला याचं वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही, कारण ते चाळीस गळक्या छताखाली बसलेले आहेत.

रील्स वाईट असं माझं अजिबात म्हणणं नाही. ज्यांचं काम डोळ्यांना दिसतं त्यांनी, म्हणजे मेकअप, फर्निचर, बागकाम, जरूर करावं. पण सगळं तिथेच ठेवू नका. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, वाइन नावाच्या अ‍ॅपवर सहा सेकंदांचे व्हिडिओ टाकून लोक स्टार झाले होते ते जानेवारी २०१७ मध्ये गुंडाळलं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. आणि प्लॅटफॉर्म जिवंत असला तरी नियम त्यांचे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की फीडमध्ये आता घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्ट आधी दाखवणार, आणि ज्यांनी वर्षं घालवून पेज वाढवली होती त्या व्यवसायांची पोस्ट त्यांच्याच फॉलोअर्सना दिसेनाशी झाली. स्वतःच्या डोमेनवरचा लेख आणि स्वतःकडे असलेली ईमेलची यादी, हे दोन तरी कोणी रातोरात काढून घेत नाही.

एआयकडून महिन्याला शंभर लेख. हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो कारण तो ऐकणाऱ्याचं थेट नुकसान होतं. गूगलने मार्च २०२४ मध्ये स्पॅमचे नियम बदलले, त्यात स्पष्ट आहे की फक्त रँकिंगसाठी घाऊक पानं पाडली तर ते स्पॅम, मग ती मशीनने लिहिलेली असोत की माणसाने. घाऊक मजकुराविरुद्धचा हा पहिला दणका पण नाही, २०११ मध्ये पांडा नावाचा अपडेट आला होता तेव्हाही रद्दी लेखांचे कारखाने असेच आपटले होते. आणि डिसेंबर २०२२ मध्ये गूगलने मजकूर तपासणाऱ्यांसाठीच्या गाइडलाइन्समध्ये अनुभव हा निकष मुद्दाम नव्याने जोडला, म्हणजे लिहिणाऱ्याने ते काम स्वतः केलंय का हे बघा. एआयने तुमच्या क्लायंटची गच्ची बघितलेली नाही, तुम्ही बघितलीय. तुम्ही बोललेलं टाइप करून घ्यायला, शुद्धलेखन बघायला, लांबलेलं आटोपशीर करायला वापरा की, मीही वापरतो, पण आत काय सांगायचं ते तुमच्याकडूनच यायला पाहिजे.

ब्लॉग मेला हे पटवायला लोक एहरेफ्स या सर्चचा डेटा तपासणाऱ्या कंपनीचा आकडा तोंडावर मारतात. त्यांनी २०२३ मध्ये साधारण १४ अब्ज पानं तपासली आणि ९६.५५ टक्के पानांना गूगलवरून शून्य ट्रॅफिक मिळतो, म्हणजे तिथून कोणीच येत नाही, असं निघालं. बघा, ब्लॉग मेला! अरे पण त्या आकड्याचा अर्थ काय ते तरी वाचा, त्यांनीच कारणं दिलीयत की त्या विषयावर कोणी सर्च करत नाही, किंवा त्या पानाला कोणी लिंक देत नाही, किंवा शोधणाऱ्याला जे हवं ते पानावर नाही. असली शंभर पानं दर महिन्याला अजून टाका हा यावरचा उपाय कसा असेल?

गूगल स्वतःच उत्तर देतं, हा मुद्दा मात्र बराचसा खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. मे २०२४ मध्ये अमेरिकेत एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे सर्चच्या वरतीच एआयने लिहिलेलं उत्तर, सुरू झाला, मग बाकी देशांत, आणि ‘अमुक म्हणजे काय’ छापाच्या लेखांचे क्लिक त्यामुळे बऱ्याच साइट्सवर खाली आलेत. ज्यांचा धंदा जाहिरातींवर, म्हणजे जितके लोक तितके पैसे, त्यांच्यासाठी हे संकटच आहे, त्यांना धीर द्यायला माझ्याकडे काही नाही. पण तुम्ही सर्व्हिस विकताय. ‘वॉटरप्रूफिंग म्हणजे काय’ विचारणारा तुमचा क्लायंट होणारच नव्हता. ज्याला माणूस निवडायचाय, खर्चाचा अंदाज हवाय, दोन पद्धतींतली कुठली घ्यावी ते कळत नाहीये, तो एका परिच्छेदावर थांबत नाही, कारण त्याला पैसे द्यायचेत आणि फसायची भीती आहे.

शिवाय लेख फक्त गूगलसाठी असतो हेच कोणी सांगितलं? माझ्या ओळखीतल्या ज्या व्यावसायिकांना लिहिण्याचा सगळ्यात जास्त फायदा झाला त्यांचे निम्मे लेख सर्चमध्ये कुठेच नाहीत. ते लेख वापरतात बोलताना. चौकशीचा फोन आला, समोरच्याने विचारलं तुमचं कोटेशन दुसऱ्यापेक्षा जास्त का, की फोन ठेवल्यावर लिंक पाठवायची, यात सगळं लिहिलंय, वाचा आणि मग ठरवा. तो वाचतो, घरातल्यांना दाखवतो. किंवा कोणीतरी तुमचं नाव सुचवलेलं असतं, तो माणूस फोन करायच्या आधी तुमचं नाव टाकून बघतोच, तिथे नुसता लोगो आणि ‘आम्ही सर्वोत्तम सेवा देतो’ एवढंच सापडलं तर सुचवणाऱ्याचा शब्दही हलका पडतो. यातलं काहीच ट्रॅफिकच्या ग्राफमध्ये दिसत नाही, म्हणून ग्राफ बघून ब्लॉग मेला म्हणणाऱ्यांना ते कळत नाही.

आता तो फुकट नॉलेजवाला मुद्दा, जो चांगल्या चांगल्या माणसांना पटतो. ही भीती मी समजू शकतो, वीस वर्षं घासून शिकलेलं आयतं कोणाला का द्यायचं. पण उलटं उदाहरण बघा. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये रिव्हर पूल्स म्हणून फायबरग्लासचे स्विमिंग पूल बसवणारी कंपनी आहे, २००९ च्या मंदीत ती बंद पडायच्या बेतात होती. तिचा एक मालक मार्कस शेरिडन, त्याने ठरवलं की गिऱ्हाईक जे जे विचारतं त्या सगळ्याची उत्तरं साइटवर लिहायची. पहिल्या फेरीत कोणी लिहीत नव्हतं तेच लिहिलं, पूलला खर्च किती येतो. मग फायबरग्लास पूलमध्ये तोटे काय. मग चक्क आपल्या भागातले दुसरे चांगले पूलवाले कोण, स्पर्धकांची नावं देऊन. कंपनी वाचली, नुसती वाचली नाही तर त्या धंद्यातली जगात सर्वात जास्त बघितली जाणारी एक साइट झाली.

आणि हे इंटरनेटने आणलेलं फॅड पण नाही. जॉन डिअर ही नांगर-अवजारांची कंपनी १८९५ पासून शेतकऱ्यांसाठी द फरो नावाचं नियतकालिक काढते, भर शेतीच्या माहितीवर. मिशेलिन हे टायरवाले, त्यांनी १९०० मध्ये गाडीवाल्यांसाठी गाइड छापलं, टायर कसा बदलायचा, पेट्रोल कुठे, मुक्काम कुठे, आणि ते फुकट वाटलं. तेव्हा अख्ख्या फ्रान्समध्ये गाड्या तीन हजारांच्या आत आणि प्रती छापल्या ३५,००० च्या आसपास. टायर कसा बदलायचा हे टायरवाल्यानेच फुकट शिकवलं, त्याचे टायर विकायचे थांबले का?

लेख वाचून जो स्वतःच काम करून घेईल तो तसाही तुम्हाला पैसे देणार नव्हता. बाकीच्यांना वाचून कळतं की हे आपल्या आवाक्यातलं नाही, आणि कोणाला आहे तेही कळतं. स्पर्धक कॉपी करेल म्हणाल तर त्याला ते आधीच येतं, आणि येत नसेल तर लेख वाचून हात चालायला लागत नाही. खर्चाबद्दल तर जरूर लिहा. नेमका आकडा देता येत नसेल तर तो कशाने वाढतो आणि कशाने कमी होतो ते लिहा, एवढंही फार कमी लोक लिहितात.

राहिला शब्द ‘आपोआप’. आपोआप काहीच येत नाही, ना रीलने ना लेखाने. नव्या साइटवरचा लेख सर्चमध्ये वर यायला महिने जातात आणि काही कधीच येत नाहीत. लेखाच्या खाली फोन नंबर नसेल, काम कुठल्या भागात करता ते नसेल, तर वाचणारा वाचून निघून जातो. जुना लेख वर्षाने उघडून चुकलेलं, बदललेलं दुरुस्त करावं लागतं. गूगल सर्च कन्सोल फुकट आहे, त्यात कुठल्या प्रश्नावर तुमचं पान दिसलं पण कोणी उघडलं नाही ते कळतं, तिथून पुढचा विषय मिळतो.

आणि सुरुवात करायला तुम्हाला लेखक व्हायची गरज नाहीये. आज रात्री तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मागे जा आणि एखाद्या क्लायंटला तुम्ही टाइप केलेलं सगळ्यात लांब उत्तर शोधा, तो भलामोठा मेसेज जो तुम्ही मागे दुसऱ्यालाही थोडा बदलून पाठवला होता. त्यातलं नाव-पत्ता काढा, त्याने जो प्रश्न विचारला होता तो त्याच्याच शब्दांत वरती टाका, कामाचा एक फोटो जोडा, खाली नंबर द्या आणि साइटवर चढवा. पुढच्या वेळी तोच प्रश्न आला की लिंक पाठवा, आणि वाचून झाल्यावर तो उलट काय विचारतो ते लिहून ठेवा, दुसरा लेख त्यातूनच निघतो.