प्रलयाची आगोट

"मंग तू येनार कसा?"

गेल्या रविवारी भर दुपारी, पन्नास किलो मिठाचं पोतं खांद्यावर असताना मला हा प्रश्न विचारण्यात आला. पोतं उतरवलं, पाठीला मलम चोळलं, तरी उत्तर काही सापडलेलं नाही.

प्रकरण थोडक्यात असं. घर दापोली तालुक्यात, मी पुण्यात. उद्या सगळी घडीच विस्कटली, वीज, पेट्रोल, बँका, औषधं सगळं एकदम बंद झालं, तर चार माणसं तिथं वर्षभर तगली पाहिजेत, असा माझा बेत आहे. परदेशात या नादापायी लोक तळघरं खणतात आणि त्यात डबाबंद घेवडा रचून ठेवतात. कोकणात तळघर खणलं तर जुलैत त्याची विहीर होते. त्यामुळे आपली वाट वेगळी.

पहिली गोष्ट तांदूळ. माणशी दिवसाला चारशे ग्रॅम धरले तर चौघांना वर्षाला सहाशे किलोच्या आसपास लागतो. पण तांदूळ साठवायचा नाही, भात साठवायचं. तांदळाला पहिल्या पावसातच सोंडे लागतात, तूस अंगावर असलेलं भात मात्र निवांत राहतं. शंभर किलो भाताचा साधारण पासष्ट किलो तांदूळ होतो, म्हणजे नऊशे किलोंची बेगमी. भात वाळलं की नाही हे दातांना विचारायचं. दाणा दाताखाली कट्कन तुटला तर ठीक, दबला तर आणखी दोन उन्हं. आणि उन्हातून उचललेलं गरम भात थेट पत्र्याच्या कोठीत ओतायचं नाही. रात्री पत्रा गार होतो, आतून घाम धरतो आणि वरचा थर बुरसतो. रात्रभर पसरून ठेवायचं, सकाळी भरायचं. कोठी फळ्यांवर उभी करायची आणि भिंतीपासून वीतभर लांब, कारण जांभ्याची भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि टेकलेल्या वस्तूलाही पाजते.

इथवर सगळे शहाणे असतात. पुढचं कोणी विचारत नाही: गिरण बंद असताना हे भात सडणार, म्हणजे त्याचं तूस काढणार, कोण आणि कशात? चौघांच्या रोजच्या दीड किलो तांदळासाठी अडीच किलो भात कांडावं लागतं. त्याला घिरट, म्हणजे भात भरडायचं जातं हवं, उखळ हवं, मुसळ हवं. घिरट जुन्या सामानात कुठंतरी मोडून पडलेलं असतं. उखळ जमिनीत पुरलेलं होतं, ते लादी बसवताना 'ठेच लागते' म्हणून सिमेंटनं बुजवलं. मुसळ तेवढं सापडतं, कारण ते लग्नात लागतं.

दुसरी गोष्ट मीठ. खायला म्हणाल तर चौघांना वर्षाकाठी सात-आठ किलो पुरे. पण लोणचं, आमसुलं, खारवलेल्या कैऱ्या हे सगळं मिठाच्या जिवावर टिकतं, म्हणून वीस धरा. उरलेलं देवाणघेवाणीला. नोटा बाद झाल्या की मीठच चालेल, असा माझा हिशोब. मीठ पत्र्याच्या डब्यात ठेवलं तर डबा गंजतो, पोत्यात ठेवलं तर ऑगस्टात कोपऱ्यात तळं होतं. चिनी मातीची बरणी किंवा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा पिंप, एवढेच दोन उपाय.

तर ते मीठ मी आत नेत होतो आणि शेजारचे आबा गडग्यावर, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधावर, बसले होते. हा गडगा त्यांचा की आमचा याचा निकाल आजोबांच्या काळापासून लागलेला नाही, म्हणून ते बरोब्बर मधोमध बसतात.

"मीठ? माडांना?"

कोकणात मिठाचं पोतं माडाच्या आळ्यात ओतायला आणतात, त्यामुळे प्रश्न रास्त होता.

"नाही आबा, खायला."

त्यांनी पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पोत्याकडे पाहिलं. "तुला बीपी हाय ना रं?"

मी पोतं खाली ठेवलं. चूक तिथंच झाली. ओझं टेकलेल्या माणसाला कोकणात गप्पा मारायला मोकळा समजतात.

"समजा, सगळं बंद पडलं. वीज नाही, पेट्रोल नाही."

"बरं."

"दुकानात माल नाही, मोबाइल नाही."

"बरं."

"सरकारच नाही म्हणा."

"तलाठी?"

"तलाठी पण नाही."

आबा पहिल्यांदाच सरसावून बसले. बराच वेळ त्या सुखात राहिले. मग चेहरा उतरला. "म्हंजे मोजनी र्‍हायलीच."

"कसली मोजणी?"

"या गडग्याची."

मी विषय पुढं रेटला. नऊशे किलो भात, सौर पॅनेल, दोर, बियाणं, सगळी यादी वाचून दाखवली. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं प्रभाव पडला. डोळे उघडून म्हणाले, "तमाकू लिवलीस?"

"नाही."

"मंग फाड ती यादी. वादळात चार दिस तमाकू नव्हती. सख्खे भाव येकमेकांवर वसकायचे."

आणि त्यानंतर तो प्रश्न. "आनि मंग तू येनार कसा? तवा एस्टी आसंल?"

"गाडीनं येईन."

"पेट्रोल नाय म्हंतोस ना."

"आधीच येऊन राहीन."

"आदी म्हंजे कंवा? तारीक हाय?"

"बातम्यांवरून कळेल."

"टीवी बंद ना?"

"आबा, चालत येईन!"

ते बोटं मोजू लागले. पुण्याहून भोर, वरंध घाट, महाड, मग इकडं. पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर. दिवसाला पंचवीस चाललो तर आठ दिवस. त्यांनी माझ्या पोटाकडे बघून बारा केले. "पावसात वरंध बंद आसतो," असंही वर म्हणाले. मग जरा मऊ होऊन: "किल्ली ठिऊन जा आमच्याकडं. भाताला हवा लागाया पायजे."

हसले असते तर मला चाललं असतं. ते हसले नाहीत. गावाकडच्या म्हाताऱ्यानं शहरातल्या माणसाची कीव करावी, हे नाही म्हटलं तरी लागतं.

शिवाय या विषयातला त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त आहे, हे दुखणं वेगळंच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं आणि दुपारभरात कौलं, पत्रे, माड, पोफळी, विजेचे खांब सगळं आडवं केलं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागात कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपल्या, रस्त्यांवर झाडं, त्यामुळे डिझेल पोचेना. वर टाळेबंदी. म्हणजे मी ज्याची यादी करत होतो ते सगळं यांच्याकडे होऊन गेलेलं. शहरात आम्ही काय केलं? तीनदा फोन लावला, 'नेटवर्क नाही' म्हणालो आणि जेवायला बसलो.

असो. पाणी.

मोटारपंप हा प्रलयकाळात विहिरीच्या काठावरचा शोभेचा दगड. रहाट किंवा कप्पी हवी, आणि एक जास्तीची कप्पी, कारण खाऱ्या हवेत आस गंजतो आणि कप्पी फिरायची थांबली की दोर घासून तुटतो. दोर काथ्याचा घ्यावा. नायलॉनचा मजबूत असतो, पण ओला झाला की तळहात सोलतो आणि उन्हानं दोन-तीन वर्षांत ठिसूळ होतो. पोहरा विहिरीत पडणारच, तो काढायला गळ लागतो. गावात गळ एखाद्याच घरी असतो आणि त्या घराशी तुमचं बोलणं बंद असतं.

निर्जंतुकीकरणाला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर: हजार लिटरला अडीच ग्रॅम. अडीच मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर ते दहा हजार लिटरच्या जवळ जातं, म्हणजे पंचवीस ग्रॅम. बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचंच पाणी विहिरीत सोडायचं आणि तासभर थांबायचं. पण पाच वर्षांची पावडर आणून ठेवण्याचा उत्साह नको. दमट हवेत तिच्यातला क्लोरीन महिन्या-महिन्यानं उडतो आणि शेवटी हातात चुना उरतो. तो आबांच्या तंबाखूलाही चालत नाही. त्यापेक्षा पाणी उकळा. म्हणजे लाकडं आली. चार माणसांच्या चुलीला दिवसाला पाच-सहा किलो, वर्षाला दोन टन. ती मे अखेरपर्यंत पडवीत रचलेली पाहिजेत, कारण आषाढात ओलं लाकूड नुसतं रडतं आणि रांधणाऱ्यालाही रडवतं. काड्यापेट्या काचेच्या बरणीत. त्याही सादळल्या तर शेजारून विस्तव आणायचा, म्हणजे पुन्हा तो गडगा ओलांडणं आलं.

सौर ऊर्जेबद्दल लोकांच्या कल्पना मार्चमध्ये तयार होतात. शंभर वॅटचं पॅनेल मार्चच्या उन्हात दिवसाला चारशे वॅट-तास सहज देतं. पाच वॅटचे तीन दिवे रोज पाच तास लावले तर लागतात पंचाहत्तर. चैनच! पण दिवे हवे असतात जुलैत, आणि जुलैत पॅनेलवर शेवाळ असतं. मार्चच्या पाव हिश्शानंही वीज मिळाली तर देवाला नारळ. बॅटरीच्या टोकांवर हिरवट भुकटी जमते, ती गरम पाण्यानं धुऊन व्हॅसलीन लावायचं. शिसाच्या बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर लागतं. जग बुडाल्यावर ते कुठलं? एवढं करूनही चार-पाच वर्षांत ती मान टाकते. तेव्हा समई आणि खोबरेल जवळ असू द्या.

छप्पर मात्र गंभीर विषय आहे. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बाझल मिशननं 1865 मध्ये मंगळुरात काढला, आणि तेव्हापासून कोणत्याही दोन कारखान्यांचं कौल एकमेकांत नीट बसलेलं नाही. खाच अर्ध्या बोटानं चुकते आणि नेमकी तिथूनच धार लागते. म्हणून आपल्या घरावर जो छाप आहे त्याच छापाची शंभर कौलं आणि आढ्यावर बसणारे वीस कोने आजच माळ्यावर चढवा. कौलं चाळायला, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवायला, माणूस मिळेल या भ्रमात राहू नका. तो माणूस विरारला असतो, आणि गणपतीला येतो तेव्हा पाऊस पडत असतो.

बियाणं: संकरित नको. सह्याद्री जातीच्या संकरित भाताचं बी पुन्हा पेरलं तर पुढचं पीक उंच-ठेंगणं, मागं-पुढं पिकणारं येतं. सरळ वाणाचं भात, उदाहरणार्थ रत्नागिरी-24, घरच्या घरी धरता येतं. वालाला राख चोळून ठेवायची. काकडी-पडवळाच्या बिया राखेत वाळवून शिंक्याला टांगायच्या, उंदरांच्या उडीबाहेर. हे सगळं जमलं तरी रुजलेलं खाणार कोण? माकडं आणि रानडुकरं. आज बंदोबस्ताला वन खातं आहे, पंचनामा आहे, भरपाईचा अर्ज आहे. तरी लोकांनी शेतं टाकली. व्यवस्था कोसळल्यावर अर्जही नसेल. माकडांच्या बाजूनं पाहिलं तर ती मागेच कोसळलेली आहे आणि त्यांचं उत्तम चाललंय.

या सगळ्याला मी वहीत 'आपत्तीपूर्व सिद्धता' असं नाव दिलं होतं. आबांनी वही उलटी धरून पाहिली आणि विचारलं, "आगोट भरतोस ना? मंग तसं लिव की." मिरगाआधी, म्हणजे मृगाचा पाऊस लागायच्या आत, भात, मीठ, लाकडं, सुकट, आमसुलं घरात घेणं, म्हणजे आगोट. ती दर वर्षी इथं प्रत्येक घर करायचं. आता सुकट ऑनलाइन मिळते. मग मी काय केलं? पोहर्‍याच्या दोराला तीन दुकानांत हिंडलो. तिसऱ्या दुकानदारानं विचारलं, "शूटिंग आहे का कुठं?"

किल्ली शेवटी आबांकडेच ठेवली. दुसरा इलाज नव्हता. काल त्यांचा फोन आला: भात ठीक, कोठीला हवा दाखवली, मीठ मात्र पाच किलो कमी झालंय.

"कसं काय?"

"तुज्या माडांना घातला."

माझे माड दोनच होते. दोन्ही 2020 साली पडले.