एका मुलीसाठी ट्रेन चालवणारं जपान

२०१६ च्या जानेवारीत ही गोष्ट जगभर फिरली आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर ती अजूनही अधूनमधून उगवते, विशेषतः गावाकडची शाळा बंद होणार अशी बातमी आली की. उत्तर जपानच्या होक्काइडो बेटावरचं बर्फात बुडालेलं कामी-शिराताकी नावाचं स्टेशन, तिथे एकच प्रवासी, ती पण शाळकरी मुलगी, आणि म्हणे जपानी रेल्वेने तिचं शिक्षण संपेपर्यंत स्टेशन चालू ठेवलं. खाली ठरलेलं वाक्य, "आणि आपल्याकडे बघा!" मग आत्या हात जोडलेले इमोजी टाकते आणि कुणीतरी मला टॅग करतं, तू तिकडेच असतोस ना, सांग की रे जरा.

तर सांगतो. मी राहतो साप्पोरोत, आणि ती लाईन म्हणजे सेकिहोकु लाईन, साप्पोरोहून आबाशिरीला जाणारी ओखोत्स्क एक्सप्रेस त्याच रुळांवरून जाते. पहिली गंमत म्हणजे स्टेशनच चुकलंय. कामी-शिराताकी १९३२ चं, शेवटी शेवटी तिथे दिवसाला दोनच गाड्या थांबायच्या, सकाळी ७:०४ ची एंगारू गावाकडे आणि संध्याकाळी १७:०८ ची उलट दिशेची. ती मुलगी चढायची ते क्यू-शिराताकी, दोन स्टेशनं पुढे. ते १९४७ मध्ये तात्पुरता थांबा म्हणून सुरू झालं आणि स्टेशनचा दर्जा मिळाला थेट १९८७ ला, सरकारी रेल्वेचे तुकडे करून कंपन्या केल्या तेव्हा. म्हणजे चाळीस वर्षं तात्पुरतंच! हे वाचल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

दुसरं, ट्रेन काही तिच्यासाठी धावत नव्हती. ती लोकल आधीपासूनची, आजूबाजूच्या स्टेशनांवरची माणसं पण तिनेच जायची, तिच्यामुळे फार तर थांबा शिल्लक राहिला. आणि इथे सगळ्या जेआर (म्हणजे जपान रेल्वे, सरकारी रेल्वेच्या तुकड्यांतून झालेल्या) कंपन्यांचं टाइमटेबल दर मार्चमध्ये बदलतं, स्टेशनं पण साधारण तेव्हाच बंद करतात, आणि शाळेचं वर्षही मार्चलाच संपतं, त्यामुळे दोन्ही तारखा जवळ येणारच होत्या. २६ मार्च २०१६ ला कामी, क्यू आणि शिमो अशी तीन शिराताकी एकदमच प्रवाशांसाठी बंद झाली. आता कामिकावा स्टेशन सोडलं की पुढचं स्टेशन, शिराताकी, ३७.३ किलोमीटरवर, शिंकानसेन म्हणजे बुलेट ट्रेन सोडून जपानमधलं हे सगळ्यात लांब अंतर. फॉरवर्डमध्ये ही ओळ नसते, आणि माझ्या मते तीच खरी बातमी आहे. आपण ज्या गोष्टीवर डोळे पुसतोय ती स्टेशन बंद पडण्याची गोष्ट आहे.

जेआर होक्काइडो दुष्ट आहे असं नाही, पैसा नाही. १९८७ ला कंपनी काढतानाच माहीत होतं की तोटा होणार, म्हणून ६८२ अब्ज येनचा निधी दिला, त्याच्या व्याजावर तोटा भागवायचा. पुढे जपानमध्ये व्याजदरच पडले. नोव्हेंबर २०१६ मध्ये, म्हणजे ती गोष्ट फिरली त्याच वर्षी, कंपनीने जाहीर केलं की १,२३७ किलोमीटर लाईन आम्हाला एकट्याने चालवणं झेपणार नाही, म्हणजे एकूण जाळ्याचा जवळपास निम्मा भाग. सेकिहोकु त्यात आहेच.

आता आपल्याकडचं. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे अनेक छोट्या शाळांची मिळून एक, काढायचे प्रस्ताव मागवले तेव्हापासून हा फॉरवर्ड जास्तच जोरात आहे. माझा त्या शाळा बंद करायला विरोधच आहे, पण त्यासाठी होक्काइडो कशाला पाहिजे? इकडे गावात पोरंच उरली नाहीत म्हणून स्टेशन गेलं. आपल्याकडे पोरं आहेत, वाडीवर आहेत, ओढ्यापलीकडे आहेत, आणि समूह शाळा लांब गेली की सातवीनंतर पहिली घरी बसते ती पोरगी. दोन्ही दुखणी वेगळी, औषध एकच कसं चालेल.

आणि खरं सांगू का, मुलींसाठी गाडी चालवायची गोष्ट आपल्याकडे आहे आणि ती खरी आहे. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या एसटी बस, मागास तालुक्यांत खास शाळकरी मुलींसाठी, शिवाय अहिल्याबाई होळकर योजनेचा फुकट पास. माझी मावसबहीण त्याच बसने हायस्कूलला गेली. बस उशिरा यायची, कधी यायचीच नाही, मग वडापच्या जीपमध्ये कोंबून, पण दहावी झाली तिची. यावर कुणी डोळ्यात पाणी आणणारी पोस्ट लिहीत नाही. एसटीचा संप महिनोन् महिने चालला तेव्हा या मुलींनी काय केलं हे विचारणारेही थोडेच. तालुक्याच्या डेपोत जाऊन शाळा सुटायची वेळ आणि बसची वेळ जुळवून घेणं हे काम आहे कंटाळवाणं, त्यापेक्षा जपान फॉरवर्ड करणं सोपं.

इथून शिकायचंच असेल तर तो कंटाळवाणा भागच शिकण्यासारखा आहे. कुठली लाईन किती तोट्यात याचे आकडे कंपनी दर वर्षी छापते, मग गावं आणि कंपनी वर्षानुवर्षं बसून भांडतात. बरेचदा गावं हरतात. एंगारूला हे उघड्यावर दिसतं, तिथे एक्सप्रेस आली की उलट्या दिशेने निघते, म्हणून सगळे प्रवासी उठतात आणि मुकाट्याने आपापली सीट फिरवून घेतात, कारण तिथून सरळ पुढे जाणारी नायोरो लाईन १९८९ ला उखडली.

त्याच रुळांवरून शरदात आणि हिवाळ्यात कितामीच्या कांद्याची मालगाडी जाते, एंगारूला इंजिन एका टोकाचं दुसऱ्या टोकाला नेणं टाळायला दोन्ही टोकांना इंजिन लावून. लोक तिला कांदा-ट्रेनच म्हणतात. मध्ये ती बंद करायचं घाटत होतं, तेव्हा तिकडच्या लोकांनी बोलणी करून टिकवली. लासलगाव-निफाडच्या पाहुण्यांना मी हा किस्सा सांगतो तेव्हा ते त्या मुलीबद्दल काही विचारत नाहीत, विचारतात की क्विंटलला भाडं किती पडतं.