पाचवी फेरी

आमच्या महाविद्यालयाच्या माउंटन बाइक संघात माझी निवड माझ्या वेगामुळे झाली नाही. ती दुसऱ्या एका मुलाच्या कॉलरबोनमुळे झाली. अजिंक्यपद स्पर्धेला दहा दिवस उरले असताना तो सरावात एका ओल्या मुळावरून घसरला, खांद्यावर आपटला आणि हात गळ्यात बांधून परतला. या खेळात कॉलरबोन मोडणे ही काही बातमी नव्हे. बातमी ही होती की, सांघिक गुणांसाठी पुरुषांच्या गटात किमान तीन जण लागतात आणि आमच्याकडे आता दोनच उरले होते. तोपर्यंत मी संघाबरोबर सगळीकडे जात असे, पण सामानाच्या यादीत मोडत असे. पंप धरणे, बाटल्या भरणे आणि कोणाचा हातमोजा हरवला तर तो माझ्याच पिशवीत सापडणे, ही माझी कामे होती. आमच्या कर्णधाराने, म्हणजे महिला गटात हमखास पहिल्या पाचांत येणाऱ्या मुलीने, मला बाजूला घेतले.

"तुला जिंकायचं नाहीये," ती म्हणाली, आणि हे सांगण्याची गरज तिला वाटली याचाच मला क्षणभर अभिमान वाटला. "तुला फक्त बाद व्हायचं नाहीये."

हे ऐकायला सोपे वाटते. परंतु क्रॉस-कंट्री शर्यतीत, म्हणजे डोंगरवाटेच्या एकाच वर्तुळावर ठरावीक फेऱ्या मारायच्या शर्यतीत, सावकाश जाणाऱ्याला सावकाश जाण्याचाही पुरता हक्क नसतो. तिथे ऐंशी टक्क्यांचा नियम असतो. पहिल्या फेरीला आघाडीच्या स्पर्धकाला जेवढा वेळ लागतो, त्या वेळेच्या ८० टक्क्यांइतका जो आघाडीच्या मागे पडतो, त्याला फेरी संपताच पंच बाजूला काढतात. कारण त्याला तसाच राहू दिले तर थोड्याच वेळात आघाडीचा मागून येऊन त्याला गाठणार आणि एकाच चाकाला जेमतेम पुरणाऱ्या पायवाटेवर त्याच्यामागे अडकून बसणार. निकालपत्रकात अशा माणसाच्या नावापुढे वेळ येत नाही, किती फेऱ्या कमी पडल्या तो आकडा येतो, तोही उणे चिन्हासह. परीक्षांमध्ये मी आजवर पुष्कळ कमी गुण मिळवले आहेत, पण शून्याच्या खाली जाण्याची सोय मला प्रथमच उपलब्ध होत होती.

संघातल्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने माझे गणित मांडून दिले. शर्यत पाच फेऱ्यांची. आघाडीचा पहिली फेरी साधारण पंधरा मिनिटांत काढणार, म्हणजे बारा मिनिटे मागे पडलो की माझा खेळ संपला. मी प्रत्येक फेरी साडेसतरा मिनिटांत काढली, तर चौथ्या फेरीअखेर दहाच मिनिटे मागे असेन आणि पाचव्या फेरीला सोडले जाईन. "दोन मिनिटं हातात आहेत," तो म्हणाला. त्याच्या हातात वही होती, म्हणून त्याला तसे वाटत होते.

शुक्रवारी दुपारी आम्ही पोहोचलो आणि गाडीतून सायकली उतरवताना माझ्या सायकलीचा डिरेलर हँगर वाकल्याचे उघड झाले. हा हँगर म्हणजे मागच्या गिअरची यंत्रणा ज्यावर टांगलेली असते तो अॅल्युमिनिअमचा छोटा तुकडा. तो मुद्दामच मऊ केलेला असतो. सायकल आपटली की त्याने आधी वाकायचे, फार झाले तर तुटायचे, पण महागडी फ्रेम वाचवायची, एवढ्यासाठीच त्याचा जन्म असतो. मेकॅनिक मला हे समजावून सांगत असताना, संघातली आपली नेमणूकही याच तत्त्वावर झाली असावी, असे मला वाटून गेले. फरक इतकाच की शहाणे संघ हँगर जादा बाळगतात. आमच्या पेटीत चेनच्या कड्या होत्या, ब्रेकचे पॅड होते, ट्यूबलेस टायरमध्ये ओतायच्या, भोके बुजवणाऱ्या दुधासारख्या सीलंटच्या तीन बाटल्या होत्या आणि त्यांतली एक पेटीतच सांडलेली होती. हँगर मात्र नव्हता.

मेकॅनिकने अॅलन की अडकवून, एक डोळा मिटून, तो तुकडा हळूहळू सरळ केला. कधी जीभ बाहेर काढून, कधी श्वास धरून, तो त्या बोटभर धातूशी अर्धा तास वाटाघाटी करत होता. मग चाक फिरवत एकेक गिअर टाकून त्याने निवाडा दिला, "अकरा गिअर चालतील. सर्वांत हलक्याला हात लावू नकोस. चेन चाकाच्या तारांत जाईल."

सर्वांत हलका गिअर म्हणजे मागची ५२ दातांची, ताटलीएवढी चकती. चढावर पाय उचलेनासे झाले की माणूस तिला शरण जातो. माझी सायकल चालवण्याची संपूर्ण शैली त्या एका चकतीवर उभी होती. उरलेले अकरा गिअर माझ्याकडे केवळ शोभेला होते.

रात्री झोपण्यापूर्वी टायरच्या हवेवर चर्चा झाली. बाहेरच्या माणसाचा विश्वास बसणार नाही, पण पुढच्या चाकात २१ पीएसआय हवा ठेवावी की २२, यावर चार सुशिक्षित माणसे दीड तास भांडली. कमी हवेने पकड वाढते, पण दगडावर रिम आपटण्याची भीती वाढते. जास्त हवेने रिम वाचते, पण चाक मुळांवरून उड्या मारते. दोन्ही बाजू बिनतोड होत्या. शेवटी मला विचारण्यात आले, तेव्हा मी दोन्ही आकडे चांगले आहेत असे म्हणालो आणि दोन्ही पक्षांच्या नजरेतून एकाच वेळी उतरलो.

शनिवारी सकाळी आमच्या प्रशिक्षक सरांचे भाषण झाले. सर कुठलीही गोष्ट १९७६ पासून सुरू करतात. त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही मंडळी जुन्या जाडजूड सायकली घेऊन डोंगरउतारावरून शर्यत लावू लागली. खाली पोहोचेपर्यंत त्यांच्या ब्रेकच्या हबमधले ग्रीस जळून धूर निघे आणि ते नव्याने भरावे लागे, म्हणून त्या शर्यतीला 'रीपॅक' हे नाव पडले. तिथून सर १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकला आले, कारण हा खेळ तिथे प्रथम खेळला गेला, आणि मग आवाज चढवून २०२४ च्या पॅरिसला पोहोचले. "ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं पुढचं चाक पंक्चर झालं! अर्ध्या मिनिटाहून जास्त गेलं! तरी सुवर्णपदक!" असे म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला पंक्चरचा भाग सहज जमण्यासारखा होता.

साडेचार किलोमीटरच्या त्या फेरीत एक लांब चढ, एक दगडांचा पट्टा आणि एक पुरुषभर उंचीचा खडक होता. खडकावरून थेट खाली झेपावायचे असेल तर 'ए लाइन', आणि झुडपांना वळसा घालून वयोवृद्धांप्रमाणे उतरायचे असेल तर 'बी लाइन'. सरावाच्या दिवशी मी ए लाइनच्या तोंडाशी उभा राहून खाली पाहिले. टोकियो ऑलिंपिकच्या शर्यतीत, म्हणजे २०२१ साली, मॅथ्यू व्हॅन डर पूलसारखा खेळाडू सरावात उतरण्यासाठी लावलेली फळी शर्यतीतही असेल असे समजून अशाच खडकावरून पुढे गेला आणि हँडलबारवरून पलीकडे पडला. इथे तर मुळातच फळी नव्हती. मी बी लाइनची निवड केली आणि पुढच्या पाच फेऱ्या तिच्याशी एकनिष्ठ राहिलो.

शर्यतीची सुरुवात मला दिसली नाही. ज्यांच्या खात्यावर गुण नसतात ते शेवटच्या रांगेत उभे राहतात, आणि शिट्टीनंतर मला जे दिसले ती धूळ होती. पायवाटेच्या तोंडाशी सगळ्यांची एकच गर्दी झाली, पुढचे थांबले म्हणून मागचे थांबले, आणि शर्यत सुरू होऊन दोन मिनिटे झालेली असताना मी एक पाय जमिनीवर टेकवून स्वस्थ उभा होतो. माझ्या शेजारी पिवळ्या जर्सीतला, दुसऱ्या कुठल्या महाविद्यालयाचा एक गृहस्थ तसाच उभा होता. आम्ही एकमेकांकडे पाहिले. बोलणे झाले नाही, पण दोघांनाही आपापला प्रतिस्पर्धी सापडला.

पहिल्या तीन फेऱ्यांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. त्या दुखल्या. पिवळी जर्सी चढावर पुढे जाई, कारण तिच्याकडे बारा गिअर होते. उताराला मी तिला गाठे, कारण माझे वजन अधिक होते. त्याच्या पेडलच्या मुळाशी काहीतरी करकरत असे, त्यामुळे मागे वळून न पाहताही तो किती अंतरावर आहे हे मला कळत होते. आमची ही लढत शेवटून पहिल्या आणि शेवटून दुसऱ्या क्रमांकासाठी होती, परंतु आघाडीवर याहून अधिक जिद्दीने कोणी लढत असेल असे मला वाटत नाही. बाटली देण्याच्या जागी आमचा संख्याशास्त्रज्ञ धावत धावत आकडे ओरडत होता. दुसऱ्या फेरीअखेर सहा मिनिटे. तिसऱ्या फेरीअखेर पावणेनऊ.

चौथ्या फेरीच्या शेवटच्या सपाटीवर ती करकर माझ्या कानाशी आली. मी मान खाली घातली आणि आयुष्यात कधी मारले नव्हते तसे पेडल मारले. माझा हेतू अगदी मर्यादित होता. आता पंच आम्हा दोघांनाही बाजूला काढणार, हे मी गृहीत धरले होते. काढले जाताना मी त्याच्या पुढे असावे, संघाला एक गुण जास्त मिळावा आणि मग मी गवतावर आडवा व्हावे, एवढीच योजना होती. मी रेषा ओलांडली, पंचांनी घड्याळ पाहिले आणि हात पुढे करून मला रस्ता दाखवला. मी अकरा मिनिटे चाळीस सेकंद मागे होतो. वीस सेकंदांनी मी वाचलो होतो. माझ्या पाठीमागे शिट्टी वाजली आणि मी मागे पाहिले, तर पिवळ्या जर्सीला आदराने बाजूला घेतले जात होते आणि कोणीतरी तिच्या हातात थंड पाण्याची बाटली देत होते.

शर्यतीत टिकण्याचे बक्षीस म्हणून आणखी एक फेरी मिळते, हा मुद्दा त्या वहीतल्या गणितात कुठेच आलेला नव्हता.

पाचव्या फेरीत मी एकटा होतो. चढाच्या पहिल्या वळणावर असताना खालून ध्वनिक्षेपकाचा आवाज आला. विजेता अंतिम रेषेवर पोहोचला होता आणि लोक आनंदाने ओरडत होते. वळणावळणावर उभे असलेले स्वयंसेवक मला पाहून बसल्या जागेवरून उठत आणि मी गेलो की वायरलेसवर कोणाला तरी "अजून एक आहे" असे कळवत. त्या स्वरात माहितीपेक्षा सहानुभूती अधिक होती. चढाच्या अखेरच्या टप्प्यात मांड्यांत गोळे आले. अंगठा गिअरच्या खटक्यावर होता. ५२ दातांची चकती एका दाबाइतक्या अंतरावर होती. मेकॅनिकचा मिटलेला डोळा मला आठवला, आणि मग तो आठवेनासा झाला.

खट्ट, खर्र आणि मग एक बारीक, स्पष्ट 'टक'. चेन तारांत गेली होती, डिरेलर चाकाला मिठी मारून बसला होता आणि हँगरने आपले जन्मकार्य पुरे केले होते. फ्रेमवर ओरखडाही नव्हता. चेन आणि डिरेलर ओढून काढून मी खिशात कोंबले, उरलेला चढ सायकल ढकलत चढलो आणि उतारावर बसून नुसताच घरंगळत आलो. एक बरे असते, उताराला चेन लागत नाही. आणि सायकल बरोबर असेल तर पायी येऊन रेषा ओलांडलेली चालते.

शेवटच्या वळणावरून मी सायकल हाताने धरून पळत बाहेर आलो, तो समोर महिलांची शर्यत रांगा लावून उभी. त्यांची सुरुवात माझ्यामुळे दहा मिनिटे खोळंबली होती. एकेका पेडलवर पाय ठेवून सज्ज असलेल्या तीस-चाळीस खेळाडू माझ्याकडे पाहत होत्या आणि सांगण्यासारखे काहीही न उरल्याने निवेदक हवामानाबद्दल बोलत होता. पहिल्या रांगेत आमची कर्णधार होती. मी तिच्या पुढ्यातून, खिशातून चेन लोंबत असलेल्या अवस्थेत, धावत गेलो. "बाद नाही झालो," मी दम लागलेल्या आवाजात म्हणालो.

"बाजूला हो," ती म्हणाली.

संध्याकाळी निकालपत्रक लागले. सगळ्यांच्या वेळा सेकंदापर्यंत छापलेल्या होत्या. माझी वेळ नोंदवणारे यंत्र पुढच्या शर्यतीसाठी आधीच लावून झाले होते, त्यामुळे माझ्या नावापुढे पेनाने लिहिले होते, "अंदाजे १ तास ४३ मिनिटे". खाली पिवळी जर्सी, उणे एक फेरी. मी तिथे उभा असतानाच तो गृहस्थ आला, त्याने पत्रक वाचले आणि पिशवीतून एक नवा कोरा हँगर काढून माझ्या हातावर ठेवला. २०१९ मध्ये स्रॅम कंपनीने वेगवेगळ्या कंपन्यांच्या फ्रेमना चालावा म्हणून एकच हँगर काढला, आणि सुदैवाने आमच्या दोघांच्याही सायकलींना तोच बसत होता. "उद्या शॉर्ट ट्रॅक आहे," तो म्हणाला. "मी एकटा पडेन."

रविवारची शॉर्ट ट्रॅक शर्यत वीस मिनिटांची, छोट्याशा वर्तुळाची आणि जीवघेण्या वेगाची. तिथे आघाडीच्याने गाठले की बाहेर. रेषेवर कालचेच पंच होते. त्यांनी मला ओळखले, हे मला त्यांच्या घड्याळाकडे पाहण्यावरून समजले. सातव्या मिनिटाला आघाडीची टोळी माझ्या मागच्या वळणावर दिसू लागली, मात्र अजून तिने मला गाठले नव्हते. तेवढ्यात पंच दोन पावले पुढे आले, शिट्टी वाजवली आणि कठड्याजवळ मांडून ठेवलेल्या दोन खुर्च्यांकडे बोट केले. एकीवर पिवळी जर्सी आधीच बसलेली होती.