'नवा भाडेकायदा' आपल्याकडे आलेलाच नाही. जो आहे तो पंचवीस वर्षांपासून आहे

परवा एकाच दिवसात तो मेसेज मला चौघांनी पाठवला. एक घरमालक, दोन भाडेकरू आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचे एक निवृत्त बँक अधिकारी. त्यांनी तर खाली 'खात्री केलेली बातमी' असंही लिहिलं होतं. खात्री कुठे केली हे विचारल्यावर हात जोडलेली इमोजी आली.

मेसेज तुम्हालाही आला असेल, तरी थोडक्यात सांगतो. केंद्र सरकारचा नवा भाडेकायदा देशभर लागू झाला. दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येणार नाही. करार दोन महिन्यांत नोंदवला नाही तर ५,००० रुपये दंड. भाडं बारा महिन्यांनंतरच वाढणार, तेही ९० दिवस आधी नोटीस देऊन. २४ तास आधी लेखी कळवल्याशिवाय मालकाला घरात येता येणार नाही. वर्षाला सहा लाखांपर्यंतच्या भाड्यावर टीडीएस (भाडं देतानाच कापून भरायचा प्राप्तिकर) नाही. आमच्या भागात फिरता फिरता त्याला एक शेपूटही चिकटलंय: सोसायटीच्या एनओसीशिवाय फ्लॅट भाड्याने देता येणार नाही, आणि भाडेकरू ठेवला तर सोसायटी दुप्पट मेंटेनन्स घेऊ शकते.

मी पुण्यात कर्वेनगर-वारजे भागात सोळा वर्षं एजंटचं काम करतोय. हा मेसेज खरा असता तर माझा फायदाच होता. नवा कायदा आला की लोक घाबरतात, आणि घाबरलेली पार्टी एजंटकडे धावते. पण या मेसेजने भाडेकरूला जे हक्क नाहीत ते वाटले आहेत, आणि जे खरोखर आहेत ते झाकून ठेवले आहेत. त्यापायी माझ्या टेबलासमोर रोज भांडणं होतात, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

"केंद्राचा कायदा देशभर लागू"

नाही. जमीन आणि घरमालक-भाडेकरू संबंध हा विषय राज्यघटनेच्या राज्यसूचीत आहे, १८व्या क्रमांकाच्या नोंदीत. केंद्र सरकार त्यावर देशभर चालेल असा कायदा एका फटक्यात लागू करत नाही. केंद्राने केलं ते इतकंच: २ जून २०२१ रोजी मंत्रिमंडळाने 'आदर्श भाडेकरार कायद्या'चा मसुदा मंजूर केला आणि राज्यांकडे पाठवला. घ्यायचा तर घ्या, बदलून घ्या, नको तर राहू द्या. उत्तर प्रदेश आणि आसामने त्याच वर्षी त्या धर्तीवर आपापले कायदे केले. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. आपल्याकडे चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे.

मेसेज लिहिणाऱ्याने काय केलं असेल हे मसुदा वाचला की लगेच कळतं. दोन महिन्यांचं डिपॉझिट, तीन महिने आधीची नोटीस, २४ तास आधीची सूचना, सगळं त्या २०२१च्या मसुद्यातलं. शेजारच्या लग्नाची पत्रिका घेऊन आपल्या घरी वाजंत्री बोलावण्यातला प्रकार.

"दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट बेकायदा"

याच वाक्यावरून गेल्या आठवड्यात माझा एक ठरलेला व्यवहार फिसकटायच्या बेतात होता. भाडं १८,०००, डिपॉझिट ५०,००० ठरलं होतं, टोकनही दिलं होतं. भाड्याने घेणाऱ्या मुलाने मोबाइल पुढे केला, "काका, ३६,०००च्या वर घेणं गुन्हा आहे." घरमालक काका आयुष्यभर शिक्षक होते. गुन्हा हा शब्द ऐकून ते उठूनच निघाले. त्यांना परत खुर्चीत बसवायला दोन चहा लागले.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देण्याच्या करारात, डिपॉझिटला कायद्याने कमाल मर्यादा नाही. दोघांनी ठरवलं ते डिपॉझिट. पुण्यात साधारण दोन-तीन महिन्यांचं चालतं, मुंबईत त्याहून जास्त, आणि 'हेवी डिपॉझिट' घेऊन भाडं नाममात्र ठेवण्याची पद्धत तर आपल्याकडे जुनीच आहे. सरकारला ती चांगली माहीत आहे. म्हणूनच मुद्रांक शुल्क काढताना परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून ती रक्कम भाड्यात मिळवतात.

भाडेकरूंनी आकड्यापेक्षा परतीच्या कलमावर भांडावं. डिपॉझिट किल्ली देताना त्याच दिवशी मिळणार की महिन्याने? रंगकामाचे पैसे कापणार का, आणि कापणार तर किती? हे करारात लिहून घ्या. कारण मुदत संपल्यावर ताबा मिळवायला घरमालकाला कायद्याने स्वतंत्र सक्षम प्राधिकारी दिलाय. अडकलेलं डिपॉझिट सोडवायला भाडेकरूला तसा सोपा दरवाजा नाही. त्याच्या वाट्याला वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा.

"दोन महिन्यांत नोंदणी, नाहीतर ५,००० दंड"

यातले ५,००० खरे आहेत. फक्त ते नवे नाहीत आणि गोष्ट तिथे संपत नाही.

१९९९च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे मेसेज ज्याला नवी कडक शिक्षा म्हणतो, त्याहून कडक शिक्षा आपल्याकडे पंचवीस वर्षं पुस्तकात आहे. 'दोन महिने' हा आकडा पुन्हा त्या मसुद्यातला: तिथे करार झाल्यापासून दोन महिन्यांत भाडे प्राधिकरणाला कळवायचं आहे. आपल्याकडे असं प्राधिकरणच नाही. नोंदणी कायद्याने दस्त सादर करायला सह्या झाल्यापासून चार महिने मिळतात.

आता 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' या लाडक्या समजुतीकडे वळू, कारण ती या मेसेजपेक्षाही जुनी आणि जास्त महागात पडणारी आहे. १९०८च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. त्यातून बाराऐवजी अकराची पळवाट निघाली आणि देशभर रुजली. महाराष्ट्राने ती २००० साली बुजवली. इथे मुदत अकरा महिने असो की एक महिना, नोंदणी हवीच. तरी आजही शंभराचा किंवा पाचशेचा स्टॅम्प पेपर, वर नोटरीचा लाल शिक्का, आणि 'झालं काम' म्हणणारे एजंट आहेत. आमच्याच धंद्यातले आहेत, नाकारत नाही.

दंडापेक्षा मोठा फटका त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात आहे. नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरायचं, घरमालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. माझ्या ओळखीच्या एका घरमालकांनी पहिले अकरा महिने नोटरी केली, पुढचे अकरा तोंडी. भाडेकरू चांगला होता, 'आपलाच मुलगा' होता. घर विकायची वेळ आली तेव्हा आपला मुलगा म्हणाला, "तीन वर्षं राहायचं ठरलं होतं, याच भाड्यात." वकिलाने कलम वाचून दाखवलं आणि घरमालकांचा आवाज खाली आला. शेवटी चार महिन्यांचं भाडं सोडून देऊन तडजोड झाली, आणि तोवर आलेलं गिऱ्हाईक गेलं.

कागद नीट असेल तर हेच चित्र उलटं असतं. कलम २४ प्रमाणे मुदत संपली की भाडेकरूने घर रिकामं करायचं. नाही केलं तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज, आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई. लेखी करारात जे आहे ते तिथे निर्णायक पुरावा म्हणून धरतात.

आणि खर्च तो किती? वरच्याच व्यवहाराचं गणित मांडू. १८,००० गुणिले ११ म्हणजे १,९८,०००. ५०,०००वर वर्षाचे १० टक्के म्हणजे ५,०००. बेरीज २,०३,०००, त्यावर ०.२५ टक्के म्हणजे मुद्रांक शुल्क ५०८ रुपयांच्या आसपास. नोंदणी फी शहरी भागात १,०००, ग्रामीण भागात ५००. दस्त हाताळणीचे काहीशे. सगळं मिळून दोन हजारांच्या आगेमागे. घरी येऊन थंब आणि फोटो घेणाऱ्याची फी वेगळी. ती किती सांगतात ते मला विचारू नका, पण सरकारी पावती वेगळी आणि सेवेची रक्कम वेगळी दाखवा म्हणून जरूर सांगा. 'रजिस्ट्रेशनचे सहा हजार' असं एकरकमी ऐकलं की समजायचं.

"भाडं बारा महिन्यांनंतरच वाढेल, ९० दिवसांची नोटीस"

लिव्ह अँड लायसन्समध्ये भाडं किती आणि कधी वाढणार हे करार ठरवतो. कराराच्या मुदतीत, करारात नसलेली वाढ घरमालकाला मागता येत नाही, मग बारा महिने झाले असोत वा चोवीस. आणि मुदत संपली की नवा करार, नवा भाव. ९० दिवसांची सक्ती कुठेही नाही. १९९९च्या कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढ आहे, पण ती जुन्या, पागडीच्या घरांसारख्या संरक्षित भाडेकरूंसाठी. तिचा तुमच्या टू बीएचकेशी संबंध नाही.

स्थैर्य हवं असेल तर उपाय हाताशी आहे आणि कुणी वापरत नाही. करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो, मुद्रांक शुल्काचा दर तोच ०.२५ टक्के. तीन वर्षांचा करार करा, दरवर्षी ५ टक्के वाढ आधीच लिहा, दोन्ही बाजूंची नोटीस एक-दोन महिन्यांची ठेवा. दर अकरा महिन्यांनी भाव, थंब आणि ब्रोकरेज असं सगळं पुन्हा सुरू होत नाही. (ब्रोकरेजचं मी लिहायला नको होतं.)

"२४ तास आधी लेखी सूचना"

चोवीस हा आकडा आपल्या कायद्यात नाही. पण कलम २८ आहे: घरमालकाला घर पाहता येतं, मात्र आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. हे लायसन्सवर दिलेल्या घरालाही लागू. म्हणजे रविवारी सकाळी सातला बेल वाजवून "सहज नळ बघायला आलो" हे आजही चालत नाही, कालही चालत नव्हतं. करारात 'एक दिवस आधी मेसेज करून' एवढी ओळ घातली की चोवीस तासही मिळाले.

टीडीएसचं एका परिच्छेदात उरकतो. एप्रिल २०२५ पासून मर्यादा वर्षाला २,४०,००० वरून महिन्याला ५०,००० झाली हे खरं, पण ती कंपन्या आणि ऑडिट होणाऱ्या व्यावसायिकांसाठी. नोकरदार भाडेकरूला ५०,०००ची मासिक मर्यादा जून २०१७ पासूनच आहे. त्यापुढे भाडं गेलं तर कापायचा दर तेवढा ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २वर आला.

"सोसायटीची एनओसी हवी, दुप्पट मेंटेनन्स"

आता शेपटाकडे, कारण ते सर्वांत विषारी आहे. मूळ मेसेज कुठूनही आला असो, हे मात्र इथल्याच कुणीतरी जोडलंय, आणि ते कमिटीवर असावेत असा माझा संशय आहे.

आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या कारभाराचे नमुना नियम) सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला आधी कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची पोच द्यायची. कळवणं वेगळं, परवानगी मागणं वेगळं. 'बॅचलर नको', 'मुली एकट्या नकोत', 'आधी कमिटीसमोर मुलाखत' हे गेटवर चिकटवलेले कागद उपविधींत सापडत नाहीत. पोलिसांना माहिती देणं मात्र टाळू नका. ऑनलाइन फॉर्म आहे, दहा मिनिटांचं काम, आणि जबाबदारी घरमालकाची.

दुप्पट मेंटेनन्सचं तर उत्तर १ ऑगस्ट २००१ रोजीच दिलं गेलंय. राज्य सरकारच्या आदेशाने बिनभोगवटा शुल्क, म्हणजे सभासद स्वतः राहत नसेल तर सोसायटी घेते ते जादा शुल्क, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. मुंबईच्या एका सोसायटीने त्याला आव्हान दिलं आणि २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने आदेश कायम ठेवला. इथे 'सेवाशुल्क' हा शब्द नीट वाचायचा. बिल ३,५०० असेल तर त्यात पाणी, लिफ्ट, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड, पालिकेचे कर असं बरंच असतं. कर्मचाऱ्यांचे पगार, कार्यालय, जिन्यातली वीज, ऑडिट वगैरे सेवाशुल्क समजा १,८०० असेल, तर बिनभोगवटा शुल्क जास्तीत जास्त १८० रुपये. साडेतीनशेही नाही, साडेतीन हजार तर नाहीच. आणि घरात आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा, लग्न झालेली मुलगी असे जवळचे नातेवाईक राहत असतील तर शून्य.

हे सगळं मी आमच्या सेक्रेटरी काकांना त्या आदेशाची प्रत देऊन सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "शुल्काचं बघू आपण मीटिंगमध्ये. पण भाडेकरूच्या दुसऱ्या गाडीचं काय करायचं, ते आहे का यात कुठे?"