घरी शिकवलं म्हणून आईबापांना दंड?

जिल्हा परिषदेच्या शाळेला कंटाळून मुलाला घरीच शिकवणाऱ्या पालकांना लाखाचा दंड होतो, असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

लाखाचा आकडा मात्र हवेतून आलेला नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 18 मध्ये तो आहे, पण मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्यांसाठी: एक लाखापर्यंत दंड, आणि तरीही शाळा सुरू ठेवली तर दिवसाला दहा हजार. पालकांबद्दल कलम 10 बोलतं. 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यांचं कर्तव्य आहे, एवढंच. ते मोडल्यास शिक्षा काय, हे या कायद्यात लिहिलेलंच नाही. पण ‘घरशाळेला सरकारची परवानगी आहे’ हा उलटा मेसेजही तितकाच फसवा. परवानगी देणारं कलमही नाही.

दहावीचं म्हणाल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, 14 वर्षं पूर्ण झालेलं मूल बसू शकतं, मराठी माध्यमातूनही. प्रमाणपत्र सरकारमान्य असतं.

आणि गल्लीतल्या ‘पर्यायी शाळे’त पैसे भरणार असाल तर आधी मान्यतेचं पत्र मागा. कलम 18 तिथे लागतं.