राक्षस आठ फुटी का असतो

मेरी शेलीनं ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला घेतली तेव्हा ती १८ वर्षांची होती. कादंबरी १८१८ मध्ये लंडनला तीन खंडांत निघाली, प्रती ५००, लेखकाचं नाव गायब. तीत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन नावाचा तरुण स्वतःच्या हातानं एक राक्षस तयार करतो. तेव्हापासून ती वाचून जगाला घाम फुटतो आहे. गोव्यातल्या वाचकाला मात्र पहिल्या पाचपन्नास पानांत एकच शंका छळते: हे सगळं ठीक, पण ह्या माणसानं खळ कुठे शिजवली?

कारण माणसानं राक्षस तयार करणं ही आमच्याकडे भयकथा मानत नाहीत. दसरा ते नरकचतुर्दशी ह्या १८-१९ दिवसांतलं ते वाड्यावरचं काम. आदल्या रात्री पेडण्यापासून काणकोणपर्यंत नाक्यानाक्यावर नरकासुराचे पुतळे उभे राहतात आणि उजाडायच्या आत जळतात. व्हिक्टर बिचारा जवळजवळ दोन वर्षं खपला आणि त्याचा एकच झाला. इथे एकेका वाड्यावर दोन-दोन होतात, कारण मागच्या वर्षी वर्गणीच्या हिशेबावरून बोलणं बंद झालेलं असतं.

एक गोष्ट मात्र बाईंनी पक्क्या कारागिरासारखी लिहिली आहे. व्हिक्टर आपला प्राणी आठ फुटी करतो, ते दरारा बसावा म्हणून नाही. बारीक अवयव करण्यात वेळ जातो म्हणून. ह्या एका वाक्यासाठी मी त्यांना साष्टांग नमस्कार घालायला तयार आहे. नवशिकी पोरं दरवर्षी म्हणतात, ‘यंदा लहानच करूया रे, सोपा पडेल.’ मग ती बोटांपाशी येतात. सहा फुटी नरकासुराचं बोट म्हणजे काडीला गुंडाळलेला कागद. ते वाळलं की भेंडी दिसते, आणि दोन हातांची मिळून दहा भेंड्या पाहून कुणी भीत नाही. १५ फुटीचं बोट वीतभर लांब होतं. बांबूची कांब वाकवा, मूठभर गवत बांधा, झालं. शेवटच्या रात्री बोटं राहिलीच तर मुठी आवळून दाखवायच्या आणि एका मुठीत तलवार द्यायची. गोव्यातले निम्मे नरकासूर एवढ्याचसाठी चिडलेले दिसतात.

बाकी कृती व्हिक्टर सांगतच नाही, गुपित म्हणतो. आमच्याकडे गुपित काही नाही, कष्ट आहेत. सांगाडा पूर्वी बांबू आणि काथ्याचा असे, आता लोखंडी सळ्या जोडून घेतात. पोट आणि मुखवटा दोन्ही पुढे येतात, त्यामुळे तोल कायम नाकावर. म्हणून पाय फाकवायचे, चौकट मागे दोन हात जास्त सोडायची आणि तिच्यावर वाळूच्या गोणी ठेवायच्या. मग अंगात गवत. ते कडकडीत सुकलेलं हवं. ओलं भरलं तर वजन दुप्पट, दोन दिवसांत कुबट वास, आणि पहाटे पेटवायला गेलं की नुसता धूर.

खळीला एक किलो मैद्याला साधारण सहा लिटर पाणी. मैदा आधी थंड पाण्यात कालवायचा, मग उकळत्या पाण्यात सोडायचा. उलट केलं की गुठळ्या होतात, आणि प्रत्येक गुठळी राक्षसाच्या गालावर मुरूम होऊन उगवते. उंदीर-झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. ते विष आहे, तेव्हा आईचं पातेलं न्यायचं नाही. न्याल तर ते परत देता येत नाही आणि का ते सांगताही येत नाही. वर्तमानपत्र कात्रीनं कापू नये, फाडावं, म्हणजे कडा एकमेकींत मिसळतात. एक थर सुकल्याशिवाय दुसरा लावायचा नाही. आमच्या हवेत सुकायला पुरा दिवस जातो, आणि घाई केली की आत बुरशी.

फसगत सगळ्यात जास्त मुखवट्यात. माणसाच्या उंचीत त्याचं डोकं सुमारे साडेसात वेळा बसतं. नरकासुराचं पाचच वेळा बसायला हवं, कारण बघणारा खालून बघतो आणि वरचं सगळं त्याला लहान दिसतं. म्हणजे १५ फुटाला तीन फुटी मुखवटा. प्रत्यक्षात म्हापशाच्या बाजारातून दीड फुटी आणतात, तो स्वस्त पडतो. मग राक्षस दिसतो नारळाच्या झाडाला लागलेल्या लिंबासारखा. शिवाय मुखवटा पुढे झुकवून बांधायचा, नाहीतर रस्त्यावरून नुसती हनुवटी दिसते.

हात हलवणं हा नवा हव्यास. भंगारातून गाडीच्या काचेच्या वायपरची मोटर आणायची, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायची. ती सावकाश आणि जोरकस फिरते, दांडी लावली की हात खालीवर होतो. पण कोपरापलीकडे तलवारीचं वजन असेल तर खांद्यामागे तेवढंच वजन टांगावं लागतं. हे कुणी करत नाही. आतलं नायलॉनचं दातेरी चाक झिजतं, आणि स्पर्धेचे परीक्षक समोर येतात नेमका त्याच क्षणी नरकासूर हात खाली टाकून बसची वाट पाहत उभा राहतो.

व्हिक्टरची प्रयोगशाळा घराच्या अगदी वरच्या खोलीत होती. हे मी आमच्या पोरांना सांगितलं तर ती पहिलं विचारतील, ‘मग जिन्यावरून उतरवला कसा?’ उतरवला नाहीच, राक्षस आपल्या पायांनी गेला. आमचा जात नाही. मांडवात उभा केलेला १५ फुटी देह बाहेर काढायच्या रात्री कळतं की दार आठ फुटी आहे. मग कंबरेतून कापायचा, आडवा न्यायचा, नाक्यावर पुन्हा तारेनं शिवायचा, आणि डोक्यावरच्या विजेच्या तारांपासून दूर सरकवायचा. हे चाललेलं असताना परतीचा पाऊस गडगडत येतो. व्हिक्टरच्या राक्षसानं डोळे उघडले तेव्हाही रात्रीचा एक वाजला होता आणि खिडकीवर पाऊस पडत होता. पण त्याच्या राक्षसाला पोस्टर कलर लावलेला नव्हता. आमच्याच्या मिशा पोटावर ओघळतात.

शेवटीही त्याचीच चैन. कादंबरीतला राक्षस उत्तरेच्या टोकाला जाऊन स्वतःची चिता स्वतः रचीन म्हणतो आणि बर्फावरून निघून जातो. लाकडं तो आणणार, काडी तो लावणार. आमच्याकडे पहाटे पाच वाजता, रात्रभराच्या गाण्यांनी कान बधिर झालेले, कृष्ण झालेला सहा वर्षांचा पोर खुर्चीत झोपलेला, आणि पोटातले फटाके ओले. त्याला उठवून चक्र हातात द्यायचं आणि मागून रॉकेल ओतायचं.

मग सगळे घरी पळतात. तेलउटणं, पायाखाली कारीट, ताटात पाच तऱ्हांचे फोव, म्हणजे पोहे. नाक्यावर काळा सांगाडा उभाच, भोवती तारांची वेटोळी. नऊच्या सुमाराला रोसातले फोव खाता खाता कुणाचा तरी हात थबकतो.

‘रे, मोटर काढली होती ना?’